जिलानीभाईंचा भोंगा आणि बानोबींची डेग

जिलानीभाई माईकवाल्यांना उजव्या कानानं ऐकू येत नसे आणि डाव्या कानात ते कापूस घालत. लातुरातल्या लोकांना यात गंमत वाटे. जिलानीभाईंना वाटत नसे. बावीस वर्षं दोन भोंग्यांच्या मधे बसून रिक्षा चालवली की एक कान धंद्यात जातो आणि दुसरा सांभाळावा लागतो, इतका साधा तो हिशोब होता.

त्यांचे वडील अहमदपूरला लग्नांसाठी गॅसबत्त्या भाड्यानं देत. वीज आली आणि बत्त्या गेल्या. तेव्हा जिलानीभाईंनी विजेवर चालणारी, पण अंधार-उजेडाशी काही संबंध नसलेली वस्तू निवडली, म्हणजे लाऊडस्पीकर. लातुरात येऊन त्यांनी रिक्षा घेतली, टपावर एक भोंगा पुढं तोंड करून आणि एक मागं तोंड करून बसवला, आणि तेव्हापासून या शहरात जे जे मोठ्यानं सांगायचं होतं ते त्यांच्या आवाजात सांगितलं गेलं. हरवलेली म्हैस, पोलिओचे डोस, सर्कस, कीर्तन, उरूस, साड्यांचा सेल, सगळं एकाच सुरात. कुणी विचारलं, "जिलानीभाई, तुमचं स्वतःचं मत काय?" तर ते म्हणत, "आवाज आमचा, मत गिऱ्हाइकाचं. मत पण आमचंच लावलं तर भाडं वाढंल."

त्यांची कायमची गिऱ्हाइकं दोन. ती दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत.

पहिले माणिकप्पा, निलंग्याकडचे शेतकरी. गोल गरगरीत, पांढरंशुभ्र धोतर, आवाज तापलेल्या तव्यासारखा. 'शेतकरी मोकळीक मंच' नावाची संघटना त्यांनी काढली होती. सरकार या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, जसा काही लोकांचा भुतांवर नसतो. म्हणजे नाही म्हणायचं, पण दिवसभर बोलायचं त्याच्याचबद्दल. ज्याचा माल त्यानं हवा तिथं, हव्या त्या भावानं विकावा. परवाना नको, बंदी नको आणि सरकारची भीकही नको, हे त्यांचं सांगणं. कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती तेव्हा हदगावच्या बाजूनं त्यांनी भर दुपारी, हलगी लावून, एक बैलगाडी कापूस सीमेपलीकडं नेला होता आणि एकोणीस दिवस तुरुंगात काढले होते. त्यांच्या मते ते दिवस आयुष्यातले सर्वात मोकळे.

दुसरे कॉम्रेड व्यंकट, मूळचे लोह्याचे. अंगानं काटकुळे, एसटीत वाहक होते. संपात नोकरी गेली, पण वाहकपणा गेला नाही. कुठल्याही गर्दीकडं नुसतं बघून ते माणसं मोजत, आणि सभेत टाळ्यांच्या मधे म्हणत, "पुढं सरका, पुढं सरका, मागं लोक उभे हायत." हमाल, बांधकामावरच्या बाया, खानावळींतल्या स्वयंपाकिणी यांची 'राबणाऱ्यांची पंचायत' त्यांनी बांधली होती. बाजार म्हणजे कसायाचा ओटा, हे त्यांचं मत. राबणाऱ्याला धान्य, छप्पर, म्हातारपणी चार पैसे हे सरकारनं दिलंच पाहिजे. सरकार या गोष्टीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. फक्त आजवर आलेलं एकही सरकार त्यांना पसंत पडलं नव्हतं.

माणिकप्पा कॉम्रेडना 'चालतं-बोलतं रेशनदुकान' म्हणत. कॉम्रेड माणिकप्पांना 'आडत्यांचा पोपट' म्हणत. दोघांचीही भाषणं जिलानीभाईंना पाठ होती. डाव्या कानातल्या कापसातून गाळून आलेली असल्यामुळं त्यातला राग तेवढा बाहेर राही आणि मुद्दा आत येई. आणि आत आलेले मुद्दे शेजारी-शेजारी ठेवले तर पुष्कळदा एकसारखे दिसत. पण हे बोलायला कुणी त्यांना भाडं दिलेलं नव्हतं.

एक फरक मात्र ठळक होता. कॉम्रेड प्रत्येक सभेआधी माईकच्या परवानगीचा अर्ज तीन प्रतींत करीत. माणिकप्पा अर्ज करीत नसत. "बोलायला परवानगी? मंग श्वासालाबी घ्या की!" म्हणत. परवानगी नसली तर पोलीस माणिकप्पांना काही करत नसत, भोंगे उचलून नेत. म्हणून माणिकप्पांच्या प्रत्येक बेकायदा सभेसाठी जिलानीभाई गुपचूप स्वतः अर्ज करीत आणि खाली सही ठोकत, 'आयोजकांकरिता, जिलानी'. अकरा वर्षांचे सगळे अर्ज, शिक्क्यासकट, त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. माणिकप्पांचं बंड इतकं नियमित कुणीच चालवलं नसतं.

आता डेगेबद्दल सांगायला हवं. डेग जिलानीभाईंच्या बायकोची, बानोबीची. माहेरून आलेली, तांब्याची, दोघांनी उचलायची आणि चौघांनी उतरवायची. दीडशे माणसांचं जेवण तिच्यात आरामात शिजे.

त्र्याण्णव साली भूकंप झाला त्या सकाळी जिलानीभाई रिक्षा घेऊन किल्लारीच्या बाजूला निघाले, तेव्हा बानोबीनं न विचारता, शेजारणीला हाताशी धरून, डेग मागच्या सीटवर चढवली आणि स्वतः तिच्या शेजारी बसली. एका गावात पोचले. गाव उरलं नव्हतं; दगड होते आणि माणसं दगडांवर बसली होती. जिलानीभाईंनी भोंगा लावला आणि लोकांनी सांगितलेली नावं पुकारायला सुरुवात केली, कोण कुठल्या झाडाखाली आहे, कोण कुणाला शोधतंय. तीन दिवस त्यांनी नावं पुकारली. त्याबद्दल ते नंतर कधी बोलले नाहीत.

त्याच गावात एका बाजूनं माणिकप्पा ट्रॅक्टरभर ज्वारी-तूर घेऊन आले आणि दुसऱ्या बाजूनं कॉम्रेड व्यंकट चाळीस हमाल घेऊन. धान्याला हात हवे होते आणि हातांना धान्य. दोन दिवस डेगेखालचा जाळ विझला नाही. कोण कुणाच्या संघटनेचा हे विचारायला फुरसत नव्हती. बानोबी पळी हातात धरून दोघांनाही सारखंच हाकलत होती, "अप्पा, परे हटो! कॉम्रेड, लाकडं कुटं हायत लाकडं?"

तिसऱ्या दिवशी कुणीतरी साहेब आले. टेबल आलं, खुर्ची आली, आणि ठरलं की ज्याच्याकडं पास असेल त्यालाच जेवण. ज्यांचं घर, कागद आणि माणसं सगळं मातीखाली गेलं होतं त्यांनी पासासाठी रांग लावली. माणिकप्पांनी टेबल उलटं केलं. नक्की सांगायचं तर एका बाजूनं माणिकप्पांनी धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं कॉम्रेडनी. जड टेबल होतं.

तिथून परतल्यावर दोघांनी त्या प्रसंगावर भाषणं सुरू केली. माणिकप्पा म्हणत, "पहा! सरकार येईस्तवर सगळं बरं चाललं होतं. माणसं मोकळी सोडा, ती एकमेकांना जगवतात." कॉम्रेड म्हणत, "पहा! राबणारे हात एक झाले तर कुणाच्या मेहेरबानीची गरज न्हाई. एकीनं जगवलं." आठ वर्षं दोघांनी मिळून त्या डेगेवर दोनेकशे भाषणं केली. दोघांच्याही भाषणांत टेबल एकट्यानंच उलटं केलेलं असे, आणि डेग कुणाची होती हे कुणीच सांगत नसे. भाषण झालं की बानोबी विचारी, "आज मेरी देग आई थी क्या भाषण में?" जिलानीभाई सांगत, "आई थी. बिगर नाम की."

भूकंपानंतर लातुरात दुसरी एक गोष्ट वर आली, ती शिकवण्यांची. बोर्डाच्या यादीत पोरं झळकली, 'पॅटर्न' हा शब्द शहराच्या आधी जाऊन पोचला आणि हदगाव, देगलूर, उदगीर, कुठून कुठून पोरं-पोरी ट्रंका घेऊन उतरू लागली. ज्याच्या घरात एक खोली जास्त होती तो घरमालक झाला. ज्याला रसायनशास्त्र येत होतं तो श्रीमंत झाला. आणि जिला स्वयंपाक येत होता तिनं खानावळ टाकली. क्लासांच्या गल्लीमागं पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या, एकापुढं एक ऐंशी. त्यात बानोबीची तेरावी. डेगेत वरण, बाजूला भाकरी, जेवायला साठ पोरं. हिंदू पोरांच्या आया पहिल्या दिवशी दाराशी घुटमळत, आत डोकावत, डेग पाहत. दुसऱ्या दिवशी बानोबीला सांगत, "भाभी, माझ्या पोराला वांगं न्हाई आवडत, पण त्याला खाऊ घालाच." माईकच्या धंद्यात चार महिने सुगी आणि आठ महिने शुकशुकाट, जिलानीभाईंचं घर आणि मुलगी उमैमाचं अकरावीचं शिक्षण या तेराव्या शेडवर चाललं होतं.

दोन हजार एकच्या जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या धांदलीत, शेडांवर कागद चिकटले. 'विद्यार्थी परिसर सुधार समिती' नावाची एक समिती जन्माला आली होती. कुणी जन्माला घातली हे कागदावर नव्हतं. एक तारखेपासून सर्व पत्र्याच्या खानावळी बंद. त्याऐवजी एकच 'मध्यवर्ती भोजनगृह', त्याचा ठेका एकाच ठेकेदाराला, आणि विद्यार्थ्यांनी पास काढून तिथंच जेवायचं. अंतिम मंजुरीची बैठक गुरुवारी.

बानोबीनं कागद वाचून घेतला. बाकी सगळं ऐकताना ती भाकरी थापत होती. 'पास' शब्द आला तेव्हा थांबली.

"फिर से पास?" ती म्हणाली. "अजी, ये लोगां आठ साल से टेबल सीधा कर रहे थे क्या?"

दुसऱ्याच दिवशी माणिकप्पा जिलानीभाईंकडं आले, फुललेले. परवाना, ठेका, मक्तेदारी, बंदी, त्यांना नको असलेलं सगळं एकाच कागदावर आलं होतं. माणसाला आयुष्यात असा कागद एकदाच मिळतो. "जिलानी, गुरुवारी मोर्चा! धा वाजता, भर बाजारातून, गंजगोलाईतून. पुकार गावभर!"

तासाभरानं कॉम्रेड आले, तेही फुललेले. ऐंशी शेडांत तीनशे राबणाऱ्या बाया. "जिलानीभाई, गुरुवारी मोर्चा. बारा वाजता, बसस्थानकापासून. अर्ज मी तीन प्रतींत दिलाय."

जिलानीभाईंनी पहिल्यांदाच धंद्याचा नियम मोडला आणि मत दिलं. "कॉम्रेड, अप्पांचाबी हाय मोर्चा. त्याच दिवशी, त्याच गोष्टीसाठी. एकच काढा की."

"त्या आडत्यांच्या पोपटासंगं?" कॉम्रेड म्हणाले. "आज ठेकेदाराच्या विरोधात बोलतोय, उद्या म्हणंल स्वयंपाकिणीला पगार किती द्यायचा ते बाजार ठरवंल. न्हाई!"

माणिकप्पांनीही निरोप ऐकून घेतला आणि म्हणाले, "त्या रेशनदुकानाला म्हणावं, तू आज खानावळ वाचवशील आन् उद्या तिचं सरकारीकरण मागशील. तुझ्यासंगं नरकातबी यायचं न्हाई. तिथंबी रांग लावशील."

बानोबीनं दोघांचं ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "दोघांचे मिळून पाचशे माणसं होतात. वेगळे गेले तर अडीचशे-अडीचशे. साहेब चहा पिऊन दोघांना दोन दारांनी बाहेर काढंल. माझी चूल जाणार, जी."

ती रडली नाही. डेग घासायला बसली. ती दिवसातून दुसऱ्यांदा डेग घासायला बसली की जिलानीभाईंना समजे, आता गोष्ट हाताबाहेर चालली आहे.

त्यांनी घोषणा रेकॉर्ड केल्या. काटकसरीनं एकाच आखूड कॅसेटवर: एका बाजूला माणिकप्पांची, दुसऱ्या बाजूला कॉम्रेडची. आवाज अर्थातच दोन्हीकडं त्यांचाच. बेत असा होता की सकाळभर पूर्वेच्या वस्त्यांत पहिली बाजू वाजवायची, दुपारी कॅसेट हातानं पलटवून पश्चिमेकडं दुसरी. एकच बाजू पुन्हा पुन्हा वाजवणारा जुना टेप आदल्या आठवड्यातच मेला होता. नवा, म्हणजे त्यांच्यासाठी नवा, त्यांनी नांदेडच्या बाजारातून आणला होता, एका ट्रॅव्हल्सच्या जीपमधून काढलेला. विकणारा म्हणाला होता, "भाई, ह्याला पलटवायची गरजच न्हाई." जिलानीभाईंना ते विक्रेत्याचं कौतुकाचं बोलणं वाटलं. ते अक्षरशः खरं होतं. एक बाजू संपली की तो टेप आपोआप दुसरी बाजू लावत असे, ती संपली की परत पहिली.

मंगळवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा रिक्षा लातुरात फिरली. पुढं बसलेल्या माणसाला भोंग्याचे शब्द कळत नाहीत, नुसती घरघर कळते. त्यात उजवा कान गेलेला, डाव्यात कापूस, आणि आवाज स्वतःचाच, म्हणजे कानाला सवयीचा. दुपारी त्यांनी शिस्तीत थांबून कॅसेट पलटवली, पाणी प्याले, पुढं निघाले.

लातूरनं मात्र नीट ऐकलं. "शेतकरी मोकळीक मंचाचा विराट मोर्चा, गुरुवारी सकाळी दहा वाजता गंजगोलाई! परवाना मोडा, चूल मोकळी सोडा!" आणि श्वास घेण्याइतकी उसंत पडून, त्याच आवाजात, "राबणाऱ्यांच्या पंचायतीचा विराट मोर्चा, गुरुवारी दुपारी बारा वाजता बसस्थानक! चुलीला हात लावाल तर गाठ आमच्याशी!" ऐकणाऱ्यांना यात काहीच घोटाळा दिसला नाही. दहाला गोलाईतून निघणार, बाराला बसस्थानकावर पोचणार. मोर्चाचा हा वेग लातूरकरांना अगदी बरोबर वाटला. आश्चर्य एवढंच की दोघं एकत्र आले. संध्याकाळपर्यंत ती शहरातली पहिली बातमी झाली. पानटपऱ्यांवर पैजा लागल्या, आधी भाषण कोण करणार. हमालांनी ऐकलं आणि हसत सुटले. भुसारातले व्यापारी म्हणाले, आता हे प्रकरण बघायलाच पाहिजे. क्लासच्या पोरांनी तर गुरुवारची चाचणी चुकवण्याचं कारण म्हणून ते लगेच मंजूर केलं.

बुधवारी सकाळी नऊला दोघं दोन बाजूंनी तेराव्या शेडमध्ये घुसले.

"जिलानी! काय करून बसलास रे तू?"

"जिलानीभाई, हा कुणाचा डाव हाय? किती दिले ह्यांनी?"

"म्या दिले? अरे, म्या दिले असते तर तुझं नाव कशाला घालायला लावलं असतं?"

जिलानीभाईंनी कानातला कापूस काढला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दोघांना एकदम आणि न गाळता ऐकावं लागलं. मग त्यांनी टेप आणून समोर ठेवला आणि लावला. पहिली बाजू संपली, खटका वाजला, दुसरी आपोआप सुरू झाली. तिघंही त्या यंत्राकडं बघत राहिले.

"हे आपोआप?" माणिकप्पा म्हणाले.

"आपोआप," जिलानीभाई म्हणाले. "परवानगी न्हाई घेतली त्यानं कुणाची."

"आज फिरून खुलासा कर," कॉम्रेड म्हणाले. "म्हण, मोर्चे दोन हायत."

"करतो. पन कॉम्रेड, बावीस वर्षांचा अनुभव सांगतो. खुलासा पुकारला की लोक समजतात कार्यक्रम रद्द."

हे दोघांनाही पटलं, आणि पटलं म्हणून दोघं आणखी चिडले. रद्द व्हावा तो दुसऱ्याचा, यावर एकमत होतं. एवढ्यात बाहेर एसटीतून उतरलेली एक बाई येऊन उभी राहिली. हदगावची रुक्मिणबाई, तिची मुलगी बानोबीकडं जेवायची. तिच्यामागं आणखी सात-आठ बाया. "भाभी, पोरीनं काल फोन केला, गावात कळलं. उद्याच्या मोर्चाला आलो. अप्पा आन् कॉम्रेड एक झाले म्हनं, मंग म्हटलं काहीतरी लईच मोठं असंल."

कॉम्रेडच्या नजरेनं सवयीनं बाया मोजल्या.

बानोबीनं दोघांपुढं ताटं ठेवली. "खाओ. और लिखो, काय मागायचं ते. एकाच कागदावर. नाही जमलं तर उठून जा, पण माझ्या वरणावर भांडायचं नाही."

कॉम्रेडनी खिशातून जुन्या वेबिलाची, एसटीच्या तिकिटांचा हिशोब लिहायच्या कागदाची, पाठकोरी बाजू काढली आणि वाहकाच्या बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. "एक. सरकारनं खानावळींना स्वस्त धान्य द्यावं."

"खोड," माणिकप्पा म्हणाले. "सरकारनं काय देऊ नये. देणारा हात उद्या गळा धरतो."

"मग तुमचं काय? सांगा."

"एक. समित्या, परवाने, कर, मोजमाप, इन्स्पेक्टर, सगळं रद्द."

"खोडा. इन्स्पेक्टर गेला तर स्वयंपाकिणीला दिवसाचे सोळा तास कोण राबवणार न्हाई?"

"तिला परवडंना तर ती शेजारच्या शेडात जाईल! ऐंशी शेडा हायत! एक ठेकेदार झाला की मंग कुटं जाईल?"

कॉम्रेडचा घास हातात राहिला. "हेच तर म्हणून राहिलो ना मी! एकच मालक झाला की बाई अडकली."

"मंग लिही की!"

"लिहितो. 'ठेका रद्द.' बरं, आणि पोरांनी पास काढून—"

"पास न्हाई!" दोघं एकदम म्हणाले आणि एकमेकांकडं पाहिलं. त्र्याण्णवचं टेबल दोघांच्याही डोळ्यांसमोर आलं असावं. यावेळी दोन्ही बाजूंनी हात लागलेलं.

दोन तास चाललं. बावीस मागण्या लिहिल्या, एकोणीस खोडल्या. उरल्या तीन: चुली हलवू नका. ठेका रद्द. पास बंद. कागदावर खोडाखोड इतकी होती की ती तीन वाक्यं दगडांत अडकलेल्या माणसांसारखी मधून मधून वर डोकं काढत होती.

"एवढंच?" माणिकप्पा खिन्नपणे म्हणाले. त्यांच्या सतरा खोडल्या गेल्या होत्या.

"माझ्या चुलीला एवढंच लागतं," बानोबी म्हणाली.

गुरुवारी गंजगोलाई दहालाच भरली. कॉम्रेडनी रिक्षाच्या पायरीवर चढून एकदा नजर फिरवली, पुन्हा फिरवली आणि बसले. त्यांच्या मोजणीत एवढे कधी आले नव्हते. "जिलानीभाई, तीन हजार. चार. ज्यादा गर्दी हाय हो!" भरलेल्या गाडीचा आनंद वाहकालाच कळतो. हमाल होते, डोक्याला फडकी बांधलेले. निलंग्याकडचे शेतकरी होते, छातीला मंचाचा बिल्ला लावून. शेडांतल्या बाया पळ्या घेऊन, पोरं वह्या घेऊन, आणि भुसारातले व्यापारी दुकानं अर्धी लावून. हमालांनी एका हातगाडीवर डेग चढवली होती. रुक्मिणबाईनं तिला हार घातला. मागून कुणी ओरडलं, "परवाना मोडा!" आणि हमालांनी नकळत उत्तर दिलं, "चूल मोकळी सोडा!" पुढून घोषणा आली, "राबणाऱ्यांची एकी!" आणि शेतकरी म्हणाले, "झिंदाबाद!" म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तोवर पुढची घोषणा आली होती.

समितीच्या इमारतीपुढं फौजदारांनी रिक्षा अडवली. "माईकची परवानगी?"

माणिकप्पा पुढं झाले. त्यांना हा क्षण फार प्रिय असे. "परवानगी घेतली न्हाई! आजवर घेतली न्हाई! अकरा वर्षं—"

"मग भोंगे खाली घ्या."

गर्दी थबकली. भोंगा गेला तर चार हजार माणसं नुसती उभी राहणार, हे जिलानीभाईंना ठाऊक होतं; आणि भोंग्यापाठोपाठ शेड नंबर तेराही जाणार. त्यांनी सीटखालून बिस्किटांचा डबा काढला. वरचाच कागद: संयुक्त मोर्चा, दोन भोंगे, गुरुवार, शिक्का. 'आयोजकांकरिता, जिलानी.' फौजदारांनी वाचला आणि डब्यात डोकावले. "आणि हे खालचे?"

"जुने हायत साहेब. अप्पांच्या सभांचे."

माणिकप्पांनी एक कागद उचलला. मग दुसरा. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव. सगळ्यांवर शिक्का. अकरा वर्षांत त्यांनी एकही बेकायदा वाक्य उच्चारलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून कॉम्रेड हसतील असं जिलानीभाईंना वाटलं होतं. कॉम्रेड हसले नाहीत. कागद परत डब्यात ठेवत हळू म्हणाले, "अप्पा, भोंगा गरिबाचा हाय. त्यानं आपला भोंगा वाचवला. तुमच्या मोकळिकीत हे बसत न्हाई का?"

माणिकप्पांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "बसतं. पर मला सांगायचं न्हाई."

अध्यक्ष बाहेर आले. मऊ बोलणारे गृहस्थ. "पुढारी कोण? एकानं या, आत बसून बोलू."

दोघंही एकदम पुढं झाले आणि दोघंही एकदम थांबले. आत जाऊन आधी कोण बोलणार? पानटपरीवरच्या साऱ्या पैजा त्या क्षणावर होत्या. तेव्हा जिलानीभाईंनी माईक घेतला आणि बायकोच्या हातात दिला. बावीस वर्षांत तिनं माईक फक्त पुसला होता.

बानोबीनं सवयीनं तो आधी पदरानं पुसला. मग म्हणाली, "साहेब, आत कशाला? इथंच बोला, सगळ्यांना ऐकू द्या." भोंग्यातून स्वतःचाच आवाज आल्यावर ती दचकली आणि मग तिला धीर आला. "ही डेग माझी. त्र्याण्णवला किल्लारीकडं हिच्यात शिजलं. तेव्हा ह्या अप्पांनी धान्य दिलं, ह्या कॉम्रेडनी लाकडं फोडली, मी वाढलं. कुणी पास मागितला नाही. मागितला तेव्हा ह्या दोघांनी मिळून टेबल उलटं केलं. दोघांनी! मी बघितलं. आता तुम्ही म्हणता ह्या पोरांनी पास काढावा. मग सांगा, माझ्या साठ पोरांत कुणाला वांगं चालत नाही, कुणाला तापात पेज लागते, हे तुमच्या ठेकेदाराला माहीत हाय? मला हाय. आमच्या चुली राहू द्या. दुसरं काही मागत नाही. आमच्या ह्या दोघांनी मागितलं असतं, पण मी खोडायला लावलं."

हशा उसळला, मग टाळ्या, मग पळ्या डेगेवर वाजू लागल्या. तांब्याचा तो नाद दोन भोंग्यांना भारी पडला. अध्यक्षांनी गर्दीकडं पाहिलं; एका बाजूला हमाल आणि दुसऱ्या बाजूला भुसारवाले. त्यांना दोन्हींपैकी कुणा एकाला समजावता आलं असतं. दोघांना एकदम समजावायची त्यांना सवय नव्हती. ते आत गेले आणि पाऊण तासानं एका ओळीचा कागद घेऊन बाहेर आले: ठराव पुढील आदेशापर्यंत स्थगित.

"पुढील आदेश कधी येतो?" बानोबीनं विचारलं.

"भाभी," कॉम्रेड म्हणाले, "मी एसटीत असताना 'पुढील आदेशापर्यंत' बंद झालेली एक गाडी होती. लोहा ते माळाकोळी. अजून आदेश यायचाय."

त्या दुपारी तेराव्या शेडमध्ये जागा मिळेना. डेग परत चुलीवर चढली होती; चौघांनी उतरवायची वस्तू चौदा हमालांनी मिळून उतरवली होती. माणिकप्पा आणि कॉम्रेड भिंतीला टेकून शेजारी-शेजारी बसले, कारण दुसरी जागाच नव्हती. जिलानीभाई त्यांच्या डावीकडं बसले आणि कापूस परत कानात घालू लागले.

"भाभी," कॉम्रेड घास घेत म्हणाले, "आता महिन्याच्या जेवणाचा दर मात्र पंचायतीनं ठरवून देऊ. कुणाची लूट नको."

"दर बाजार ठरवंल," माणिकप्पा म्हणाले.

"दर मी ठरवते," बानोबी म्हणाली आणि दोघांच्या ताटात आणखी एक-एक पळी वरण ओतलं. "माझी डेग, माझी चूल. पोरं जेवतात, त्यांना परवडतं का ते मी बघते. तुम्ही खा."

"हेच तर म्हणून राहिलो मी!" आवाज आला. लगेच पाठोपाठ दुसरा, तितकाच विजयी, "हेच तर मी आठ वर्षं म्हणून राहिलो!"

आधी कोण बोललं हे जिलानीभाईंना सांगता आलं नसतं. दोघंही त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला बसले होते.